दुधात आणि दुधाचा

अन्याय झाला तो एका आठ वर्षांच्या मुलीवर. या मे महिन्याच्या दुसऱ्या रविवारी, दुपारी दोनच्या सुमारास, हैदराबादेत, कुकटपल्लीतल्या एका सोसायटीच्या स्विमिंग पूलच्या काठावर. तिचा वरचा पुढचा दात मुळासकट निघून फरशीवर पडला. पक्का दात. नुकताच आलेला, धार अजून करवतीसारखी असलेला. असा दात माणसाला एकदाच येतो.

मी लहान मुलांच्या दातांची डॉक्टर. त्याच सोसायटीच्या खालच्या गाळ्यात माझा दवाखाना आहे. राहते मात्र दूर, जुन्या वस्तीतल्या जामबागला, वाढले तिथंच. ही वाट धरली तेव्हा घरच्यांपासून कॉलेजातल्या पोरांपर्यंत सगळ्यांनी एकच विनोद केला : "लेकरांचे दात पडणारच असतात, त्यांना डॉक्टर कशाला?" मला तेव्हाही हसू आलं नव्हतं.

खुर्चीत बसलेल्या प्रत्येक मुलाला मी विचारते, मोठं होऊन काय होणार? यात माझा स्वार्थ आहे. स्वप्न सांगताना पोरं तोंड मोठं उघडतात, आणि मला दाढा दिसतात. ही मुलगी म्हणाली होती, "ट्रॅफिक पोलीस."

"का गं?"

"शिट्टी मिळते. आणि सगळ्या गाड्या ऐकतात. घरी माझं कोण पण ऐकत नाही."

मग तिनं खिशातून खरीच शिट्टी काढली, पुढच्या दातांत घट्ट धरली आणि दोन्ही हात पसरून माझ्या दवाखान्यातली वाहतूक थांबवली. "हात मोकळे पाहिजेत ना आंटी. एक हात थांब, एक हात जा. म्हणून शिट्टी दातात."

तिचा बाप मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाला, "पोलीस-बिलीस नक्को. कोडिंग शिकते ती."

कोडिंग शिकत होतीच. सुट्टी लागली त्याच आठवड्यात सोसायटीतली झाडून सगळी पोरं कुठल्या ना कुठल्या क्लासला घातली गेली. सकाळ गेली त्यात. संध्याकाळी पूल मोठ्यांचा, कारण मोठे ऑफिसातून थकून येतात. पोरांच्या वाट्याला उरली दुपारची एक ते तीनची वेळ. हैदराबादच्या मे महिन्यात. लेकरांच्या पंधरा वर्षांनंतरच्या नोकरीची तजवीज करणाऱ्या शहाण्या माणसांनी त्यांच्या दुपारची ही सोय केली होती.

पूलच्या काठाला काळा ग्रॅनाइट आहे. मॉडेल फ्लॅटच्या फोटोत फार छान दिसतो. दुपारी तो तव्यासारखा तापतो. अनवाणी, ओल्या पायांचं पोर त्यावर चालू शकत नाही, ते पळतं. आणि ओल्या पायांनी पळणारं पोर पडतं. एवढं साधं गणित आहे. मी कॉलेजपासून पत्रकं वाटत आले आहे, तेव्हा एप्रिलमध्येच पत्रक काढलं : पोरांची वेळ बदला, नाहीतर काठावर काथ्याची चटई अंथरा. खाली एक ओळ : दात पडला तर दुधात ठेवा. लिफ्टमध्ये चिकटवलं. दुपारपर्यंत गायब. वॉचमन म्हणाला, "मेरेकू क्या बोलते मेडम, साब बोले निकालो बोलके."

साहेब म्हणजे सोसायटीचे सेक्रेटरी. पुण्याचे, बोलायला अतिशय गोड. "मॅडम, तुमची भावना पोचली. पण काथ्या म्हणजे कसं, लुक जातो. पुढच्या मीटिंगला घेऊ."

पुढच्या मीटिंगच्या आधी तो रविवार आला.

मी घरी होते. मुलीच्या बापाचा फोन. मागं पोरांचा गलका, पाण्याचे धपाधप आवाज. "डॉक्टर, हिचा दात पडला. खून येऊन राहिला खूप."

"दात आहे ना हातात? घासू नका. मुळाला हात लावू नका. दुधात ठेवा! दुधात! मी निघाले."

"हौ हौ, दुधा... ठीक आहे, ठीक आहे," आणि फोन कटला. परत लावला तर कुणी उचलेना. मेट्रोतला माझा अख्खा प्रवास त्या एका दुधाच्या पेल्यावर नजर लावून गेला. दुधात बुडलेला दात मला समोर दिसत होता. तो मुळावरच्या नाजूक पेशी जिवंत ठेवून माझी वाट बघत होता. पेला वेळेत हाती आला तर दात जागेवर बसवता येतो, बरेचदा धरतोही.

दवाखान्यासमोर कुणी नव्हतं. तशीच त्यांच्या फ्लॅटवर गेले. मुलगी सोफ्यावर आइसक्रीम खात होती, ओठ वांग्यासारखा सुजलेला. बाप दारातच म्हणाला, "अरे, एवढ्या उन्हात कशाला आलात? तुम्हीच म्हणालात ना, दुधाचा आहे म्हणून."

दुधात. दुधाचा. हा माणूस शाळा इंग्रजीत शिकला, मित्र तेलुगूत जोडले, भांडणं दखनीत केली. मराठी त्याच्याकडे स्वयंपाकघरापुरती उरली आहे. त्या गलक्यात त्याला अर्धा शब्द ऐकू आला आणि उरलेला अर्धा त्यानं सोयीचा लावला. लेकरांचे दात पडणारच असतात. तो जुना विनोद माझ्या आधी तिथं पोचला होता.

"दात कुठंय?" मी विचारलं.

आजोबा पुढं आले. आबिड्सच्या पोस्टातून रिटायर झालेले, सरळ माणूस. "मीच टाकला, डॉक्टरीणबाई. दुधाचा दात छपरावर टाकायचा असतो, मग उंदरासारखे बारीक दात येतात. इथं कौलं कुठली? क्लबहाउसच्या पत्र्यावर टाकला."

मी त्यांना काय झालं ते सांगितलं. ते भिंतीला हात लावत सोफ्यापर्यंत गेले आणि नातीशेजारी बसले.

बापानं शिडी आणली, चढला, पत्र्यावर तळहात टेकले आणि किंचाळला, "अय्यो! भाजला हात!"

"पोरांचे पाय असेच भाजतात," मी खालून म्हणाले. "म्हणून ती पळतात."

पत्र्यावर एक शटल सापडलं, एक फुटका बॉल, कबुतरांची पिसं. दात सापडला नाही. सापडला असता तरी त्या उन्हात त्याच्यात काय उरलं असतं?

मीटिंग झाली. सेक्रेटरी म्हणाले, "'पळू नये' असा बोर्ड लावतो आहोत." मी म्हटलं, "सर, दुपारी एकदा त्या दगडावर अनवाणी उभे राहून दाखवा." ते म्हणाले, "मॅडम, तुम्ही ना, प्रत्येक गोष्टीचं आंदोलन करता." लोक हसले. मागून कुणीतरी म्हणालं, "लहान आहे अजून, येईल दुसरा." त्या खोलीत सगळे शिकलेले होते. बोर्ड लागला. वेळ तीच राहिली.

मुलगी तपासणीला आली. सवयीनं विचारलं, काय होणार मोठं होऊन?

"कोडिंग," ती तोंडावर हात धरून म्हणाली.

"आणि शिट्टी?"

"घसरते."

काढता-घालता येणारा दात बसवून देते म्हटलं. तिनं नीट विचार केला. "आणि चौकात निघाला तर? सगळ्या गाड्या हसतील."

कायमचा दात बसवायचा तर जबडा पुरता वाढावा लागतो. तोवर तिची शाळा संपलेली असेल. फोनवर मी आता "पेल्यातल्या दुधात बुडवा" असं म्हणते, आणि समोरच्याकडून वदवून घेते. पत्रक पुन्हा छापलं आहे, लिफ्टमधून पुन्हा काढलं जाईल. माझा कागदावरचा विश्वास संपत आला आहे.

म्हणून आता तुम्हाला सांगते. तुमच्याही इमारतीत पूल असेल, गच्ची असेल, घसरगुंडी असेल, नुसतं फरशीचं अंगण असेल. उद्या दुपारी दोन वाजता तिथं जा. चपला काढा. उभे राहा. जिथं तुमचा पाय आपोआप उचलला जाईल, तिथं त्याच दुपारी चटई अंथरा. मीटिंगची वाट बघू नका.