गडबची मालू लिस्बनला

गडबातला माणूस गाव सोडतो तो लग्नाला, मयताला, नाहीतर देवाला. त्यामुळे मालू म्हात्रे रिटायर झाल्यावर एकटीच परदेशी फिरायला निघाली म्हटल्यावर शेजारच्या हौसाने कुंपणापाशी येऊन आधी हेच विचारलं, "कोण गेलं गो तिकडं?"

"कोणी नाय गेलं. मीच चाललेय."

"एकटी?"

"मग काय वरात नेऊ?"

मालूचं बोलणं असंच. पंचवीस वर्षं एसटीत कंडक्टर होती, पेण आणि रोह्याच्या गाड्यांवर. कोंबड्यांच्या टोपल्यांचं तिकीट काढायचं, दारू पिऊन चढलेल्याला वाटेत उतरवायचं, पोराला मांडीवर घेऊन बस म्हणून बाईला दटावायचं. असल्या कामात तोंड गोड राहत नाही. लग्न केलं नाही. भावाच्या संसारात राहिली, भाच्याला, म्हणजे अक्षयला, शिकवलं, आणि म्हाताऱ्या बापाचं सगळं हातानं केलं. म्हाताऱ्याला आईच्या जागी तीच, मुलाच्या जागीही तीच.

लिस्बनच का, हे मात्र कुणाला धड कळलं नव्हतं. रोहा-रेवदंडा गाडीवर ड्युटी असली की गाडी रेवदंड्यात जुन्या कोटाच्या वेशीतून जायची. ड्रायव्हर तिथे वेग कमी करायचा आणि मालू खिडकीतून ते काळे दगड बघायची. शेजारच्या सीटवर कोर्लईच्या मासळीवाल्या बायका आपसात त्यांच्या निराळ्याच बोलीत बोलत असायच्या. ही भाषा कुठली म्हणून विचारलं तर म्हणायच्या, "कोट बांधायला आलेल्या फिरंग्यांची." हे पोर्तुगीज लोक इतक्या लांबून आले ते नेमके कुठून, ते एकदा जाऊन बघावं, असं तिच्या मनाने घेतलं ते घेतलंच. नोकरीत असताना कुणाला बोलली नाही. बोलली असती तर डेपोतल्यांनी हसून हसून जीव घेतला असता.

अक्षयने तिकीट, खोली, सगळं फोनवर ठरवून दिलं. बॅगेतून सुकट काढून ठेवली, पोह्याचे पापड राहू दिले. घरात सगळे तयार झाले, एक आबा सोडून.

आबा, म्हणजे तिचे वडील काळुराम, ऐंशीच्या पुढचे. पूर्वी खाडीकडे मिठागरावर होते, आता घरामागे वाल लावतात. ते रागावले असते तर बरं झालं असतं. भांडणात मालूचा हात धरणारं कोणी नव्हतं. पण ते बोलायचेच बंद झाले. जेवण वाढलं तर जेवायचे, विचारलं तर मान हलवायचे. निघायच्या दिवशी भावजयीने, सुरभीने, तिच्या हातावर दही ठेवलं आणि हाक मारली, तर म्हातारा वालाच्या शेतात जाऊन बसलेला. पाया पडायला ती शेतात गेली. त्यांनी डोक्यावर हात ठेवला, पण तोंडातून शब्द नाही. गाडी निघेपर्यंत मालू मागे बघत राहिली.

लिस्बनमध्ये पहिले तीन दिवस तिचं शरीर तेवढं तिकडे होतं. चढउताराच्या गल्ल्या, भिंतींना निळ्या फरशा, खिडक्यांना वाळत घातलेले कपडे, सगळं बघून व्हायचं आणि डोळ्यांपुढे यायचा तो बांधावर बसलेला म्हातारा. रोज घरी फोन करायची. सुरभी म्हणायची, "जेवले, बरे हायत. पन फोनवर येत नाय म्हनतात." कुठल्यातरी चर्चमध्ये मेणबत्ती लावली तीसुद्धा आबांच्या नावाने. शेवटी तिने अक्षयला सांगून टाकलं, "तिकीट बदल बाबा. उद्या-परवाचं बघ. माझं काय मन लागत नाय."

"आत्या, अजून चार दिवस हायत गो."

"असू देत. काय सोनं वाटतात काय इथं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी, निघायच्या आधी गाव बघून घ्यावं म्हणून ती तिथल्या पिवळ्या ट्रॅममध्ये बसली. एका स्टॉपवर दोन पिशव्या घेऊन एक म्हातारी चढली. एक पायरी, मग दम, मग दुसरी पायरी. ट्रॅम उभी. म्हातारी सीटवर नीट टेकली आणि मालूचा हात आपोआप वर गेला. शेजारच्या खांबावरचं बटण तिने दोनदा दाबलं. टिंग टिंग. डबल बेल, चला!

पुढच्या स्टॉपला ट्रॅम थांबली. दार उघडलं. कोणी उतरेना. ड्रायव्हर बाई आरशातून बघायला लागली, मग मान वळवून बघायला लागली. तेव्हा मालूच्या ध्यानात आलं की इथे हे बटण उतरणाऱ्याने दाबायचं असतं. बसून राहिली असती तर कोण काय म्हणणार होतं? पण बेल मारून न उतरणाऱ्यांना तिने आयुष्यभर झापलं होतं. "बेल मारलीस ना? मग उतर आता, गाडी काय तुझ्या बापाची हाय?" तोंडाने बोलून बसलेली माणसं अशीच अडकतात. मालू मुकाट्याने पर्स उचलून उतरली आणि ट्रॅम निघून गेली.

कुठे उतरली, तिचं तिलाच ठाऊक नाही. उताराने चालत गेली तर गल्ली संपून एक छोटा चौथरा लागला. कठडा, दोन बाक, आणि खाली ही रुंद नदी, जवळजवळ समुद्रच. ती बाकावर टेकते न टेकते तोच फोन वाजला. सुरभीचा व्हिडिओ कॉल. पण पडद्यावर आबांचं कपाळ.

"दिसतंय काय?" कपाळ म्हणालं.

"आबा, फोन जरा लांब धरा. बरे हाव ना तुम्ही?"

"मला काय झालंय? अक्षय म्हनला, तू परत येतेस. माझ्यापायी काय?"

"तुम्ही बोलत नाय, मग मी इथं काय करू?"

आबा हळू आवाजात म्हणाले, "तुझी आय गेली तवा मी मिठागरावर होतो. सांगावा येईस्तो सगळं आटपलं. तोंडात पानी घालायला मी नव्हतो. तू जाते म्हनलीस नि मला भ्या वाटलं गो. तू तिकडं नि माझं इकडं काय झालं, तर? तुझ्या हातचं पानी मिळायचं नाय. बोललो असतो तर तू थांबली असतीस. म्हनून बोललो नाय."

आईचं मालूला माहीत होतं. पण हा माणूस चाळीस वर्षं ते उराशी धरून बसलाय, आणि आपल्याला अडवायचं नाही म्हणून दातावर दात ठेवून गप्प राहिलाय, हे तिला आज कळत होतं. आपण त्याला रुसवा समजलो. तिला स्वतःची लाज वाटली आणि म्हाताऱ्याबद्दल माया दाटून आली.

"मी येते आबा. परवाच येते."

"कशाला? ती मागं दिसते ती खाडी काय?"

"नदी हाय."

"एवढी मोठी? दाखव जरा."

तिने फोन फिरवला. आबा बघत राहिले.

"झ्याक हाय," ते म्हणाले. "नीट बघून घे सगळं. वाल अजून शेतात उभा हाय. तो काढल्याबिगर मी कुठं जात नाय."

फोन बंद झाला. मालूने अक्षयला कळवलं, तिकीट बदलू नको, हाय तसंच राहू दे. मग तिथेच बसून ती पोटभर रडली, पदराने तोंड पुसलं, आणि समोरून येणाऱ्या बाईला हाताने खुणा करून नदीवर जायची वाट विचारायला उठली.