चिंचेखालचा मांडव

प्रल्हाद सावे, म्हणजे आमच्या गावाचे अण्णा, डहाणू रोडच्या मालधक्क्यावर बत्तीस वर्षं पावत्या फाडून एकसष्ट साली निवृत्त झाले. निवृत्त माणसाने देवळात बसावं, सुनेच्या स्वयंपाकाला नावं ठेवावीत. हे गृहस्थ रोज सकाळी तलासरी रस्त्यावरच्या वनबागेत फुकट राबायला जाऊ लागले. गावाने त्यांना वेड्यात काढलं. मीही हसलो.

बागेत एक जुनी चिंच होती. पावसाळ्यात तिच्यावर बगळ्यांची शे-दीडशे घरटी व्हायची. पिल्लू खाली पडलं की अण्णा आणि तिथला वॉचमन, चैत्या वारली, लांब बांबूच्या टोकाला टोपली बांधून ते पुन्हा घरट्यात पोचवायचे. वास यायचा, सदऱ्यावर घाण पडायची. मी नाक मुरडलं की अण्णा म्हणायचे, "गुरुजी, तुमच्या शाळेत काय अत्तर शिंपडलेलं असतं?"

चौसष्टच्या जुलैत वनमहोत्सवाला मोठे साहेब येणार होते. मांडव चिंचेखालीच घालायचा, कारण बाकी सगळा चिखल. पण साहेबांच्या टोपीवर बगळा शिटला तर? म्हणून बागेच्या समितीने (मी तिचा चिटणीस) फांद्याच छाटायचं ठरवलं. झाडं लावण्याच्या सणासाठी झाड तोडायचं, आणि कुणाला त्याची लाज नाही! अण्णांनी हात जोडले. "पंधरा दिवसांत पिल्लं उडतील हो. मांडव पलीकडे घाला, भराव मी स्वतः टाकतो." अध्यक्षांनी मत घेतलं. ते आमच्या शाळेच्या मंडळावरही होते. फांद्या छाटण्यासाठी सगळ्यांत आधी माझा हात वर गेला.

चैत्याने कोयता खाली ठेवला. "मी नाय चढायचा. बगळ्यांची पोरां हायत वरती."

मग बाहेरून माणसं आणली. संध्याकाळी झाडाखालची जमीन पांढरी झाली होती आणि हलत होती. अण्णा नि चैत्या टोपल्या भरत राहिले, पण ठेवणार कुठे? घरटंच उरलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी रोपांसाठी खणलेल्या खड्ड्यांत समितीच्या माणसांनी ती पिल्लं लोटली, वर चार बोटं माती सारली.

वनमहोत्सवाच्या दिवशी साहेब रोप घेऊन त्यातल्याच एका खड्ड्यावर वाकले. माती खचली, घाण वास सुटला आणि एक पंख वर आला. साहेबांनी नाकाला रुमाल लावला. "हे कोणी केलं?"

अध्यक्षांनी सरळ चैत्याकडे बोट दाखवलं. "ह्या वॉचमनने, साहेब."

साहेब माझ्याकडे वळले. "खरं का, गुरुजी?"

मी धोतराचा सोगा सारखा करत बसलो. चैत्याच्या घरी पाच तोंडं त्या नोकरीवर होती, हे मला पक्कं ठाऊक होतं.

"चैत्या नाही, साहेब," अण्णा पुढे आले. "मी केलं."

आठवड्याने ठराव झाला, सावे यांना बागेत येऊ देऊ नये. बिनपगारी माणसाला आणखी काय शिक्षा देणार! तो ठराव मी वळणदार अक्षरात लिहिला आणि पोच घ्यायलाही मीच गेलो.

अण्णांनी सही केली. "चैत्या आहे ना कामावर?"

"आहे."

"मग झालं. चहा घ्या, गुरुजी."

आणि मी बसून तो चहा प्यायलो.