बत्तीसाव्या पानावर कांद्याचं टरफल

ताजुन्निसाला कुणी 'बिचारी' म्हटलं की माझं डोकं फिरतं. बिचारी कसली! अख्ख्या चाकणात तिच्याएवढी हट्टी बाई दुसरी नव्हती. आणि पुस्तकांच्या बाबतीत तर ती कुणाच्या बापाला भीत नव्हती.

आम्ही बारा जणी उद्धवरावांच्या वखारीत कांदा निवडायला होतो. साल छप्पन असेल. पिंपरीला औषधांचा कारखाना नुकताच सुरू झाला होता, गावातले बाप्ये तिकडं कुठं चिकटता येतंय का ते बघत होते, आणि आम्ही बायका सकाळपासून कांद्याच्या ढिगापुढं. मोठा इकडं, बारकी गोलटी तिकडं, सडका बाहेर. ताजुन्निसा आमच्यातलीच एक. नवरा इब्राहिम पेठेत सायकली दुरुस्त करायचा. ती मूळची जुन्नरची, बाप शाळेत शिपाई, म्हणून सातवी पास. बाकी आम्हा अकरा जणींचे अंगठे. आज मी चार वाक्यं धड बोलते ना, ती तिची कृपा.

दुपारी भाकरी खाऊन झाली की ती पुस्तक काढायची आणि मोठ्यानं वाचायची. तेवढा वेळ तिच्या वाट्याचा कांदा आम्ही निवडायचो. उद्धवरावांची त्याला ना नव्हती. वाचन चालू असलं की बायका भांडत नाहीत, हे त्यांच्या ध्यानात आलं होतं. पुस्तकं गावच्या वाचनालयातून यायची, आणि तिथं कार्ड असलेली बाई म्हणजे एकटी ताजुन्निसा. ते कार्ड गेलं असतं तर बारा जणींची दुपार गेली असती.

पण तिची एक खोड होती. पुस्तक पटलं नाही की ती ते मध्येच मिटायची. पहिल्यांदा तिनं असं केलं तेव्हा सुभद्राबाईनं हातातला कांदाच टाकून दिला. सुभद्राबाई आमच्यात सगळ्यांत थोरली. तिच्या घरी दरवर्षी पोथी लावायचे, आणि लावलेली पोथी समाप्ती केल्याशिवाय, नैवेद्य दाखवल्याशिवाय सोडायची नाही हा नेम.

"ताजू, वाच गं बाई पुढं," ती म्हणाली. "अर्धं सोडू न्हाई. इपरीत व्हतं."

"मावशी, ही पोथी नाही. कुणीतरी चहा पिता पिता लिहिलेलं पुस्तक आहे."

"असू दे की! आमी ऐकतोय न्हवं?"

"कुठं ऐकताय? पेंगताय! आणि माझा कांदा तुम्ही निवडताय. असल्या रटाळ पुस्तकापायी तुमचे हात झिजवू? तौबा!"

झालं. जिथं सोडलं त्या पानात तिनं कांद्याचं एक वाळकं टरफल ठेवलं आणि पुस्तक तसंच परत केलं. "पुढच्याला कळू दे," म्हणाली. तेव्हापासून तो तिचा शिरस्ताच झाला.

आणि गंमत बघा, वाचनालयात येणारी मंडळी पुस्तक नेण्याआधी टरफल शोधायला लागली. टरफल नाही म्हणजे बाईनं शेवटपर्यंत वाचलंय, खुशाल न्यावं. दहाव्या पानातच सापडलं तर पुस्तक परत कपाटात. चिमाजी ग्रंथपाल कपाटाला वास येतो म्हणून कुरकुरायचा, पण घरी पुस्तक नेताना तोही आधी टरफल बघायचा. मी पाहिलंय.

मग आलं नानासाहेबांचं पुस्तक. नानासाहेब वाचनालयाचे अध्यक्ष, गावातलं जुनं बडं घर. त्यांनी आपल्या पणजोबांच्या पराक्रमावर कादंबरी लिहिली, पदरच्या पैशानं पुण्याला छापून घेतली आणि एक प्रत वाचनालयाला दिली. कमिटीतल्या बाकीच्या चौघांनी ती आळीपाळीनं घरी नेली. नंतर ती ताजुन्निसानं आणली.

त्या काळी कितीतरी नव्या पुस्तकांच्या पानांच्या कडा जोडलेल्या असायच्या. वाचणाऱ्यानं सुरीनं फोडत फोडत पुढं जायचं. ताजुन्निसानं पहिलंच पान उघडलं, जरा थांबली, पुस्तक उलटंसुलटं करून बघितलं आणि गालात हसली. मी विचारलं काय झालं, तर म्हणाली, "काही नाही. विळा दे."

दोन दुपारी तिनं वाचलं. तिसऱ्या दुपारी बत्तीसाव्या पानावर थांबली आणि टरफल ठेवलं.

तीन महिने त्या पुस्तकाला कुणी हात लावला नाही. नानासाहेबांच्या कानावर कारण गेलं आणि त्यांनी डोक्यात राख घालून घेतली. रविवारी सकाळी ताजुन्निसाला वाचनालयात कमिटीपुढं बोलावणं आलं. इब्राहिम म्हणाला, माफी माग आणि मोकळी हो. तिनं पायात चपला सरकवल्या. मी आणि सुभद्राबाई तिच्यासोबत गेलो आणि दाराशी उभ्या राहिलो. आत टेबलामागं पाच जण बसलेले, सगळे नाकानं कांदे सोलणारे. मधे नानासाहेब. टेबलावर तिचं कार्ड, ते पुस्तक, आणि पुस्तकातून काढून बाजूला ठेवलेलं टरफल.

"बाई," नानासाहेब म्हणाले, "हे पुस्तक वखारीत पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायचं. पुढं कुठल्याही पुस्तकात टरफल ठेवायचं नाही. कबूल असेल तर कार्ड उचला. नसेल तर ते इथंच राहील."

सुभद्राबाईनं तिला मागून ढोसलं. "व्हय म्हण गं! वाच तू, आमी डोळं मिटून बसू."

माझाही जीव टांगणीला लागला होता. खोटं कशाला बोलू, मलाही वाटलं की हिनं हो म्हणावं.

"नाही वाचणार," ताजुन्निसा म्हणाली.

"का?"

"तुमच्या नायिकेचे केस झाले, डोळे झाले, पैंजण झाले. तिला पळवून नेली, परत आणली, लग्न लावलं. बत्तीस पानं झाली आणि ती बाई एकदा तोंड उघडत नाही. साधं 'पाणी द्या' म्हणत नाही! आम्ही बारा जणी कान देऊन बसलो होतो, ती काय म्हणते म्हणून. किती दिवस बसायचं?"

ज्योतीराम गुरुजी कमिटीत होते, ते उसळले. "कळतं का तुम्हाला साहित्यातलं? ही अभिप्रायांची वही बघा. आम्ही चौघांनी ही कादंबरी अथपासून इतिपर्यंत वाचली आहे. मी तर एका बैठकीत!"

ताजुन्निसानं त्यांच्याकडं बघितलं. मग पुस्तक उचललं आणि नानासाहेबांपुढं उघडून धरलं.

"बत्तीसाव्या पानापर्यंतच्या कडा मी फोडल्यात, कांद्याच्या विळ्यानं. डाग दिसतील. पुढच्या बघा, जोडलेल्याच आहेत. माझ्या हातात आलं तेव्हा पहिलं पानसुद्धा फोडलेलं नव्हतं. गुरुजींनी कुठून वाचलं, त्यांनाच विचारा. नानासाहेब, ह्या गावात तुमची बत्तीस पानं इमानानं वाचलेली मी एकटी आहे. आणि कार्ड माझं काढून घेताय?"

गुरुजी वहीत काहीतरी शोधायला लागले. उरलेल्या तिघांनी माना खाली घातल्या.

नानासाहेबांनी पुस्तक हातात घेतलं. एकेका जोडलेल्या कडेवरून अंगठा फिरवत ते शेवटच्या पानापर्यंत गेले. मला त्यांचा राग होता, अजूनही आहे, पण त्या घडीला त्यांचं तोंड बघवेना. चार वर्षं लिहीत होते म्हणे.

ताजुन्निसाचा आवाज उतरला. "नानासाहेब, पुढं बोलते का ती? तुम्ही लिहिलंय, तुम्हाला ठाऊक. बोलत असेल तर आत्ता इथं कडा फोडते आणि शेवटपर्यंत वाचते. माफीही मागते."

नानासाहेबांनी डोळे मिटून घेतले. मनातल्या मनात पानं उलटत असावेत.

"नाही," ते म्हणाले. "बोलत नाही."

मग त्यांनी टेबलावरचं टरफल उचललं, बत्तीसाव्या पानात ठेवलं आणि पुस्तक मिटलं.

"चिमाजी, हे कपाटात लाव."

ताजुन्निसानं आपलं कार्ड उचललं आणि दुसरं पुस्तक मागितलं.