तिनं तोंड फिरवलं

माझी थोरली मुलगी चार महिन्यांची व्हायच्या आत मला बारामतीच्या एमआयडीसीत कामावर परतायचं होतं. कपड्यांच्या कंपनीत मी शिलाई मशीनवर होते, ठेकेदारामार्फत लागलेली. अजून थांबलात तर मशीनवर दुसरी बाई बसवावी लागेल, असं त्यानं फोनवर सांगितलं होतं, तेही अगदी शांतपणे. घरात कुणी मला जा म्हटलं नाही. राहा असंही कुणी म्हटलं नाही.

सणसरला माहेरी बाळंतपण उरकून सासरी लोणी भापकरला आले, तर ओट्यावर पावडरचा डबा आणि दुधाची बाटली. सासूबाईंनी नवऱ्याकरवी मेडिकलमधून मागवून घेतली होती. आतापासून सवय लावली नाही तर तू गेल्यावर पोर रडून रडून अर्धी होईल, असं त्यांचं म्हणणं. मला लागलं ते, पण खोटं ठरवता येईना. दिवसभर ती त्यांच्याच मांडीवर राहणार होती. पहिली बाटली त्यांनीच पाजली. मी चुलीपाशी उभी राहून तिच्या घोटांचा आवाज ऐकत होते.

कामावर रुजू झाले आणि दुपार व्हायच्या आतच छाती दगडासारखी झाली. ब्लाउज ओला, त्यावर ॲप्रन, ॲप्रनवर ओढणी. बाजूच्या मशीनवरचा माणूस मान वर करील म्हणून मी वाकूनच शिवत राहिले. सुपरवायझर बाई चांगल्या होत्या. त्यांना विचारलं, तर त्या म्हणाल्या की वेगळी खोली कुठली द्यायची, बाथरूममध्ये जाऊन या. जेवणाच्या सुट्टीत मी तिथंच कडी लावून दूध पिळायचे. बेसिनमध्ये पांढरी धार पडायची, मी नळ सोडायचे. बाहेरून बायका दार वाजवायच्या. त्यांचंही चुकत नव्हतं, बाथरूम एकच होतं.

संध्याकाळी नवऱ्याच्या गाडीवरून घरी येताना वाटायचं, आता पोचले की घेते. पण पोचेपर्यंत ती बाटली पिऊन झोपलेली असायची. हळूहळू दूध आटत गेलं. एका सुट्टीच्या दिवशी मी तिला मुद्दाम पदराखाली घेतलं, तर तिनं तोंड फिरवलं. पुन्हा घेतलं. दोन्ही हातांनी मला ढकलून ती काळीनिळी होईस्तोवर रडली. सासूबाईंनी बाटली आणून दिली. ती मी पाजली नाही. पोर त्यांच्याकडे दिली आणि धुणं घेऊन मागं गेले. तिथं कुणी बघत नव्हतं, तरी रडू आलं नाही.

पुढच्या महिन्यात मी आणि सासूबाई पोरीला घेऊन वजनाला अंगणवाडीत गेलो. गावातल्या बायका ओळीनं बसलेल्या. अंगणवाडीच्या ताईंनी बाटली पाहिली आणि सगळ्यांदेखत मला विचारलं, एवढ्या लवकर अंगावरचं का तोडलंस, फिगर जपायचीय का. दोघीचौघी हसल्या. मला कंपनी सांगावी की बाथरूम, तेच कळेना. काहीही सांगितलं तरी ते कारण छोटंच दिसलं असतं.

तेव्हा सासूबाई बोलल्या. घरातसुद्धा त्या मोजकंच बोलायच्या.

"तिनं न्हाय तोडलं. बाटली म्या लावली. तिला इचारलंबी न्हाय."

ताईंनी वहीत वजन लिहिलं. मग नुसतं म्हणाल्या, "बाटली उकळून घेत जा."

परतताना पोर सासूबाईंच्या खांद्यावर होती. वाटेत मी म्हटलं, "आत्या, तुमी कशाला अंगावर घेतलं?"

त्या चालतच राहिल्या. "मग काय करू? तू घरी ऱ्हा म्हणाया पायजे हुतं. त्ये माझ्याच्यानं म्हणवलं न्हाय."

त्यांनी राहा म्हटलं असतं तरी मी राहिले असते का, हे मला आजही ठरवता येत नाही. दुसऱ्या दिवशी कंपनीत सकाळची पहिली पाळी होती. मी उठून बाटल्या उकळायला ठेवल्या, डबा भरला आणि नवऱ्यानं गाडी चालू करताच मागं बसले.