आयेच्या माथी मारलेली आकडी

माझी आये देवळाच्या पायरीखाली उभी होती. डोक्यावर मासळीची रिकामी पाटी. पाटी उतरवायची नाही, असं मानकऱ्यानं बजावलं होतं. सगळी वाडी मंडपात सावलीला आणि ती एकटी उन्हात.

"काय केलंस ता तुज्या तोंडान सांग," मानकरी म्हणाला.

"भायर आसताना मी पाटी घेवन देवळाम्होरसून गेलंय. माजा चुकला."

"मोठ्यान सांग. देवाक आयकाक येवक व्हया."

ती मोठ्यानं बोलली. गावच्या पुरुषांसमोर आपल्या पाळीबद्दल बोलली. माझ्या वर्गातली पोरं तिथंच उभी होती. मी नववीत होते. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

कारण काय, तर माझा भाऊ. बाळू. चार वर्षांचा. त्याला आकडी यायची. डोळे वर जायचे, तोंडाला फेस, हातपाय ताठ. मालवणच्या डॉक्टरनं गोळ्या दिल्या होत्या, एक दिवस चुकवायची नाही म्हणून सांगितलं होतं. दोन महिने पोर बरं होतं. मग तापात एकदा आकडी आली, आणि शेजारपाजारचे म्हणाले, कौल लावा. लावला. पाषाणाला कळ्या चिकटवल्या, मानकरी एकेक प्रश्न विचारत गेला. घरच्या बाईची चूक आसा काय? उजवी कळी पडली. म्हणजे होय. झालं. बाजाराला जायची वाट देवळासमोरूनच जाते. दर महिन्याला चार दिवस ती घरात बसली असती तर आम्ही काय खाल्लं असतं, हे कळीला कुणी विचारलं नाही.

मग गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, ह्या बाईन जी काय चूक केली आसात ती पदरात घे, आणि पोरावरची पीडा दूर कर रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले. बाबा हात जोडून म्हणाले. मीही म्हणाले. सवयीनं तोंडातून निघून गेलं. आयेनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही, नुसतं पाहिलं. ते अजून मला झोंबतं.

सवा महिना डॉक्टरची गोळी बंद, फक्त अंगारा आणि तीर्थ, असा देवाचा हुकूम मानकऱ्यानं सांगितला. गोळ्यांची पुडी आयेनं फळीवर ठेवून दिली. मी काही बोलले नाही. मला काय कळत होतं? कळत होतं थोडं. पण बोलले नाही.

तिसऱ्या आठवड्यात आये पेज चुलीवर ठेवून विहिरीवर गेली. बाळू चुलीपाशी बसला होता. तिथंच आकडी आली. उजवा हात विस्तवात गेला. आये धावत आली तोवर तीन बोटं गेली होती. म्हणजे आहेत, पण एकमेकांना चिकटून एक झालीत.

आणि लोक काय म्हणाले? "जीव वाचलो मा? देवान राखल्यान." ज्याच्या त्याच्या तोंडी तेच. मी ऐकत होते आणि माझं डोकं फिरत होतं. जीव राखायला आला होता, तर हात वीतभर मागे ओढायला त्याला काय झालं होतं? आणि आकडी दिली कोणी? चूक आयेची म्हणता, मग चार वर्षांचं पोर का भाजायचं? त्यानंच घडवलं ना सगळं? आकडीसुद्धा?

महिन्याभरानं मी मानकऱ्याच्या मागच्या दारी सुरमई द्यायला गेले. आमच्यासाठी पुढचं दार नव्हतंच. स्वयंपाकघरात तो सदरा वर करून बसला होता. सुनेनं फ्रीजमधून बारकी बाटली काढली, सुईत औषध भरलं, त्याच्या पोटात टोचलं. त्याला साखर होती, गावाला ठाऊक होतं.

मला बघून म्हणाला, "भावाचो हात बरो झालो मा गो? देवान जीव राखल्यान. एक नारळ ठेवा."

"तुमका साखर खंयच्या पापान झाली?" मी विचारलं. "तुमच्या आयेन काय केलेल्यान? कौल लावलात, काय सरळ डॉक्टर?"

सुनेच्या हातात सुई तशीच राहिली. मानकऱ्यानं सदरा खाली घेतला. "जीभ लांब झाली गो तुजी," एवढंच म्हणाला. मी माशाची पिशवी पायरीवर ठेवून निघाले.

त्या घरानं आमची मासळी बंद केली. आजूबाजूच्या घरांनीही. आयेनं मला मारलं, मग माझ्याच खांद्यावर डोकं ठेवून रडली. दुसऱ्या सकाळी मी शाळा बुडवली आणि बाळूला घेऊन मालवणची एसटी पकडली.

"गोळ्या कोणी बंद केल्या?" डॉक्टर ओरडला.

"देवानं," मी म्हटलं.

त्यानं कागदावरून मान वर केली, माझ्याकडे बघितलं, आणि परत लिहायला लागला.

त्या गोष्टीला आता नऊ वर्षं झाली. बाळू डाव्या हातानं लिहितो, जाळं विणायला मात्र त्याला जमत नाही. गोळी मी रोज माझ्या हातानं देते. गेल्या सहा वर्षांत आकडी नाही. पण आये त्याच्या बोटांकडे बघते आणि अजून पुटपुटते, "माज्याच पापान." मी म्हणते, "आये, तुया काय एक केलंस नाय." ती मान हलवते. तिला पटत नाही. उद्या परत सांगणार. परवा परत. ती स्वतःच्या तोंडानं "माजा पाप नाय" म्हणेपर्यंत सांगणार.

आकडी का दिली, याचा जाब ज्यानं दिली त्यानं द्यावा. माझी आये देणार नाही. मी तिला देऊ देणार नाही.