जर्मनीतल्या बाईशी शुद्ध मराठी

आमच्या वाशिम जिल्ह्यात माणूस माईकसमोर गेला की पुण्याचा होतो. एरवी चहाच्या टपरीवर "काय करून राह्यला बे" म्हणून हाक मारणारे आमच्या गावचे पुढारी भाषणाला उभे राहिले की "याप्रसंगी मी नमूद करू इच्छितो" असं सुरू करतात आणि तिथंच अडकतात. समोर बसलेली माणसं त्यांच्याच बोलीची. तरी कुणी हसत नाही, कारण उद्या त्यांच्यावरही तीच पाळी येणार असते.

माझी आई मात्र माईकसमोर जातच नव्हती. आमच्या गावी, मेडशीला, आमचं थोडंसं शेत आहे, सोयाबीन आणि तूर. तिथं ती पलीकडच्या धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, बाईशी बसल्या जागेवरून गप्पा मारते. विहारात पाली वंदना न अडखळता सांगते आणि बाया तिच्यामागून म्हणतात. दहावीत मी शाळेत पहिली आले तेव्हा सत्काराच्या वेळी मुख्याध्यापकांनी तिच्यापुढे माईक धरला. तिनं पदर तोंडाला लावला, नुसती मान हलवली आणि खाली उतरली. घरी आल्यावर मी विचारलं, तर म्हणाली, "मले शुद्ध येत नाई. मंग कायले तोंड उघडू?"

मला ते फार लागलं. आमच्या आळीत तिच्याइतकं रसाळ बोलणारं दुसरं कुणी नव्हतं आणि तीच सगळ्यांदेखत मुकी झाली होती. आपल्या आईनं एकदा तरी चारचौघांत, माईक हातात घेऊन बोलावं, हे तेव्हापासून माझ्या मनात बसलं.

पुढे पुण्यात जर्मन शिकायला गेले आणि आईचं म्हणणं मला नीटच कळलं. वर्गातल्या मुलींना माझं वऱ्हाडी इतकं गोड वाटायचं की त्या मला तेच वाक्य पुन्हापुन्हा म्हणायला लावायच्या. मग मी पण झाले शुद्ध. जर्मनही शुद्धच शिकले, पुस्तकात असतं तसं. मार्क चांगले पडले आणि कॉलेजनं एका सत्रासाठी दक्षिण जर्मनीतल्या एका गावात मला पाठवलं. राहायचं एका कुटुंबात, शिकायचं जवळच्या शहरात. मेडशीच्या स्टँडवर मला सोडायला निम्मी आळी आली होती, आणि त्यातल्या प्रत्येकाला जर्मनीत थंडी किती असते ते माहीत होतं.

त्या घरातल्या बाईला मी काकू म्हणायचे. तिलाही ते आवडलं होतं. ती बेकरीत काउंटरवर उभी राहायची, नवरा सुतारकाम करायचा. पहिल्याच जेवणाला दोघं एकमेकांशी बोलायला लागली आणि मला एक अक्षर कळेना. वाटलं, इतकी वर्षं मी शिकले तरी काय? दोन-चार दिवसांनी उलगडा झाला. ती दोघं त्यांच्या भागाची बोली बोलत होती. माझ्याशी बोलताना काकू सावकाश पुस्तकी जर्मन बोलायची, पण नवऱ्याशी, शेजारणीशी आणि बेकरीतल्या गिऱ्हाइकांशी तिची बोलीच.

नाताळाच्या आधी गावच्या अग्निशमन दलाचं संमेलन होतं. दलात सगळी गावचीच माणसं, काकूही त्यांच्या समितीत होती. आभार तिनं मानायचे होते. ती माईककडे निघाली तशी मी सरसावून बसले. म्हटलं, आता होणार ही शुद्ध. पण काकू स्वयंपाकघरात बोलते तशीच बोलली. लोक खळखळून हसले, पण तिला नाही, तिच्या विनोदांना. घरी येताना मी तिला विचारलं, असं बोलायची भीती नाही का वाटली? तिला प्रश्नच कळला नाही. म्हणाली, "कुणाची? सगळे आपलेच तर होते." त्या रात्री मला मेडशीची फार आठवण आली.

काकूला माझ्या आईला बघायचं होतं. मी घरी कळवलं, तर आईनं दोन दिवसांची मुदत मागितली. ठरल्या वेळी व्हिडिओ कॉल लागला. आई ठेवणीतली साडी नेसून, ताठ, फोटो काढायला बसल्यासारखी. बाबांनी फोन धरला होता. आईनं हात जोडले आणि घोकलेलं म्हणून टाकलं, "नमस्कार. आपण कशा आहात? आपली प्रकृती उत्तम आहे ना?"

मला हसू आवरेना. आईचा चेहरा पडला तशी मी घाईनं म्हटलं, "आई, तिले मराठीच येत नाई. शुद्ध काय अन् अशुद्ध काय, तिले सारखंच."

आईनं कपाळावर हात मारला. हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. मग तिनं मांडी घातली, पदर खोचला आणि म्हणाली, "असं व्हय? मंग ईचार तिले, माही पोरगी पोटभर जेवते का नाई."

त्यानंतर आईला धरबंध राहिला नाही. थंडी, गुडघे, पोरीचे केस, सगळं निघालं. काकूही गडबडीत आपल्या बोलीवर आली. मी मधे बसून दोन्हीकडचं पोचवत होते आणि निम्मं सुटत होतं. आईनं तुरीच्या हिरव्या शेंगा सोलून दाणे फोनपुढे धरले. काकूनं ओव्हनमधून नुकताच काढलेला पाव उचलून दाखवला, खालून टिचकी मारून त्याचा आवाज ऐकवला. तेवढ्यापुरती माझी गरजच नव्हती. पुढे दर रविवारी आई आधी काकूला विचारायची, मग मला.

माझीही जीभ तिथंच सुटली. तोंडी परीक्षेत मी न घाबरता बोलले आणि चांगली पास झाले.

परत आल्यावर मंगरूळपीरला, मी अकरावी-बारावी केली त्या कॉलेजात, माझा सत्कार ठेवला. आईबाबा स्टेजवर, मागं मोठं बॅनर. मी मुद्दाम वऱ्हाडीत बोलले. हॉलमध्ये खसखस पिकली, एका सरांनी भुवया वर केल्या. म्हटलं, करा. मग सूत्रसंचालकांनी रिवाजाप्रमाणे आईला दोन शब्द बोलायची विनंती केली आणि तिच्या नकारासाठी थांबलेही नाहीत, पुढचा कागद काढला.

आई उठली. पदराकडे तिचा हात गेला. पण तिनं पदर कमरेला खोचला, स्टँडवरचा माईक काढून हातात घेतला आणि एकदा माझ्याकडे बघितलं.

"मले शुद्ध येत नाई," ती म्हणाली. "पन जर्मनीतल्या बाईले माह्यं समजलं. तुमाले तं समजनच."

हॉलमध्ये टाळ्या पडल्या. टाळ्या थांबेपर्यंत आई थांबली आणि बोलत सुटली. सूत्रसंचालक दोनदा घड्याळ बघून तिच्याकडे निघाले, तेव्हा मी त्यांच्या आडवी उभी राहिले.