काळी पडलेली फिल्म

ऐंशीचं दशक नुकतंच लागलं होतं. मी नागपूरच्या एका प्रयोगशाळेत पीएचडी करत होते आणि मला चौथा महिना होता. अणूच्या गाभ्यातून एकामागोमाग दोन गॅमा किरण निघतात, त्यांच्यातला कोन मोजायचा आणि त्यावरून गाभ्याची आतली रचना ताडायची, असं माझं काम. आठवडाभर मी होस्टेलवर राहायची आणि शनिवारी गाडीनं पांढुर्ण्याला आईकडे यायची. नवरा सौसरला गणिताचा मास्तर होता. तोही रविवारी बसनं तिथंच यायचा.

दिवस राहिल्याचं मी माझ्या पीएचडीच्या मार्गदर्शक सरांना सांगितलं, तेव्हा त्यांनी लगेच मला किरणांच्या कामातून काढून टेबलाशी बसवलं. आता नुसती आकडेमोड करा, म्हणाले. मी निश्चिंत झाले. आणि मग एका सकाळी त्यांनी मला खोलीत बोलावून दार लावून घेतलं.

आम्ही सगळे कोटावर एक बॅज लावायचो. त्यात फोटोच्या फिल्मसारखा तुकडा असायचा. अंगावर किरण पडले तर तो काळा पडायचा. ठरावीक मुदतीनं फिल्म मुंबईला तपासायला जायच्या. या खेपेला सगळ्यांच्या साफ आल्या होत्या. माझी काळी आली होती, आणि ती नेमकी गरोदरपणाच्या पहिल्या दिवसांतली होती, जेव्हा मला स्वतःलाही काही कळलेलं नव्हतं.

"घाबरू नका," सर म्हणाले. "फिल्म पुन्हा तपासायला सांगितलंय. तोवर लॅबमध्ये येऊ नका. रक्त तपासून घ्या."

हे सगळं ते टेबलावरच्या पेपरवेटकडे बघून बोलत होते. त्यामुळेच मी घाबरले.

रक्त देऊन मी नागपुरातल्याच एका डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. खात्रीनं कुणीच काही सांगू शकत नाही, म्हणाल्या. मूल ठेवायचं की नाही ते लवकर ठरवा, उशीर झाला तर माझ्या हातात काही राहणार नाही. पुढच्या सोमवारी, तोच शेवटचा दिवस समजा, असं सांगून त्यांनी बोलावलं.

पांढुर्ण्याच्या घरात मी पडून राहायची आणि आठवत राहायची. किरण देणारा पदार्थ ज्यात असायचा त्या शिशाच्या डब्याचं झाकण मी कधी उघडं ठेवलं होतं? त्याच्यासमोरची शिशाच्या विटांची भिंत नीट रचली होती का? कुठल्या दिवशी, कुठल्या क्षणी? काहीच आठवत नव्हतं. आठवण्यासारखं त्यात काही नसतंच. किरणांना वास नाही, आवाज नाही, ऊब नाही. उंदरांवरचे प्रयोग मी वाचलेले होते. वाढ खुंटलेली पिल्लं, लहान डोक्याची पिल्लं. पुस्तकातली ती चित्रं मी तेव्हा बिनघोर उलटली होती. आता डोळे मिटले की तीच दिसायची. शक्यता हा तर माझा रोजचा विषय. एखादा अणू कधी फुटेल सांगता येत नाही, लाखो अणूंचं मात्र सांगता येतं, हे मी पोरांना शिकवायची. पण माझ्या पोटात लाखो नव्हते. एकच होतं.

आई पालिकेच्या शाळेत आया होती. वडील गेल्यावर तिनं त्याच नोकरीवर मला शिकवलं. दोन दिवस तिनं मला नुसतं खाऊपिऊ घातलं. तिसऱ्या दिवशी संत्रं सोलून माझ्या हातात दिलं आणि समोर बसली.

"काय लपवून राहिली तू?"

मी सांगितलं. तिला समजेल असं सांगायचा प्रयत्न केला.

"मंग लेकराले काय होईन?"

"मले मालूम नाही, आई."

"तुले मालूम नाही तर कोणाले मालूम असन?"

ते ती रागानं बोलली नव्हती. तिला खरंच वाटत होतं की इतकं शिकलेल्या पोरीला हे ठाऊक असणारच. दुपारी मी उठून पाहिलं, तर ती मागच्या अंगणात खड्डा खणत होती. मी लॅबमध्ये नेसायची त्या सगळ्या साड्या गाठोड्यात बांधून तिनं पुरल्या. मी समजावलं की किरण कपड्याला चिकटून राहत नाहीत, उजेड जसा दिवा विझला की उरत नाही तसंच हे. तिनं माती दाबता दाबता मान हलवली.

"तसं असन. पण या घरात नको."

रोज सकाळी ती भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीसमोर वंदना म्हणायची. त्या दिवसांत मधेच तिचा आवाज थांबायचा. मी आतल्या खोलीत श्वास धरून तो पुन्हा सुरू व्हायची वाट बघायची.

रविवारी नवरा आला. मी त्याला सगळं सांगितलं आणि विचारलं, तुम्हाले काय वाटते? तो म्हणाला, तू ठरवशील तसं, मले त्यातलं काय समजते. तेव्हा मला त्याचा संताप आला. आज कळतं की तो माझ्याइतकाच भ्यायलेला होता. तो रात्रभर अंगणात येरझारा घालत होता.

सोमवारी नागपूरला डॉक्टरीणबाईंकडे जायला आम्ही स्टेशनवर गेलो. कडाक्याची थंडी होती. फलाटावर संत्र्याच्या पेट्या रचलेल्या होत्या आणि हमाल शेकोटीभोवती बसले होते. आधीच्या तिगाव स्टेशनवरून गाडी सुटल्याची घंटा झाली. गाडी आली, थांबली. नवरा पिशवी घेऊन डब्याच्या दारापाशी गेला आणि वळून पाहू लागला. मी बाकड्यावरून उठले नाही. मी काही ठरवलं नव्हतं, धीर वगैरेही नव्हता. पाय उचलेना, एवढंच. गाडी सुटली. तो परत आला, पिशवी खाली ठेवली आणि चहा घेऊन आला.

त्यानंतरचे दिवस सर्वांत वाईट गेले. आता परतीची वाट बंद झाली होती. याच दिवसांत पोटात पहिल्यांदा हालचाल जाणवली, मासोळीनं शेपटी मारावी तशी. बायका हा क्षण जन्मभर सांगतात. मी घामानं भिजले. हे जे हलतंय ते कसं असेल, एवढंच मनात आलं. थोडा वेळ ते शांत राहिलं, तर त्याचीही भीती वाटली.

एका दुपारी दार वाजलं. आईनं उघडलं आणि मला हाक मारली. दारात सर उभे होते, धुळीनं माखलेले बूट, हातात रिकामी पिशवी. प्रयोगशाळा सोडून कुठं न जाणारा माणूस पांढुर्ण्यात घर विचारत विचारत आला होता. घरी फोन नव्हता आणि तारेत हे लिहिता येणार नव्हतं. त्यांना बघून मी चौकट धरली.

"तुमच्या अंगावर किरण पडलेले नाहीत," ते दारातूनच म्हणाले. "आधी हे ऐका, मग पाणी द्या."

बॅजमध्ये फिल्मवर धातूच्या पट्ट्या असतात आणि त्यांच्या सावल्या फिल्मवर उमटतात. माणूस हलत असतो, वळत असतो, म्हणून अंगावरच्या बॅजमध्ये त्या सावल्यांच्या कडा पुसट येतात. माझ्या फिल्मवर त्या सुरीनं कापल्यासारख्या होत्या. म्हणजे बॅज एका जागी, न हलता, किरणांसमोर होता. सरांनी मग सगळ्यांना विचारलं. आमच्या शेजारच्या खोलीत स्फटिकांवर जोरकस किरण सोडून त्यांचा रंग कसा बदलतो ते पाहणारे लोक होते. कुणीतरी माझा कोट त्या खोलीतल्या खुंटीला अडकवला होता. तो तिथंच राहिला आणि खोली बंद करून प्रयोग झाला. त्या आठवड्यात मी लॅबमध्ये नव्हतेच. ओकाऱ्यांनी होस्टेलच्या खाटेवर पडून होते, पित्त झालंय असं समजून. रक्ताचाही रिपोर्ट चांगला आला होता.

आईनं मला विचारलं, साहेब काय सांगून राहिले? मी म्हटलं, काही झालं नाही, आई. ती मटकन खाली बसली आणि पदर तोंडाशी घेऊन रडली. सर अवघडून उभे राहिले. नंतर ते पोटभर जेवले आणि संध्याकाळच्या गाडीनं परत गेले. कोट कुणी अडकवला ते मी विचारलं नाही.

भीती मात्र त्या गाडीनं गेली नाही. मला सगळं पटलं होतं. त्या स्पष्ट कडांचा अर्थ मी स्वतः दुसऱ्याला समजावून दिला असता. तरी बाळंतपणाच्या खोलीत सुईणीनं मुलीला वर धरलं तेव्हा मी आधी तिचं डोकं पाहिलं, मग बोटं, आणि रडणं ऐकू आल्यावरही पुन्हा बोटं. मुलगी धडधाकट होती.

पहिल्या वर्षी सौसरला तिला ताप आला. मी इतकी घाबरले की चप्पल न घालता दवाखान्यात पोचले. डॉक्टरांनी तिच्या तोंडात बोट घातलं आणि दात येऊन राहिले, बाई, म्हणाले. नवरा मोठ्यानं हसला. मी तिथंच बाकड्यावर बसले आणि तिची हिरडी स्वतः चाचपून पाहिली. एक बारीक, टोकदार कड बोटाला लागली.